नवी दिसेल, पण...

आजोबांच्या वेब्ली मार्क ४ रिव्हॉल्व्हरला पुन्हा ब्ल्यूइंग (पोलादावर निळसर-काळा संरक्षक थर चढवणं) करावं का, असं विचारलंत. मी म्हणेन, नको. तुमच्या प्रश्नाला एकांनी 'अगदी नवी दिसेल' असं उत्तर दिलंय, तिथंच तर गोम आहे. ब्ल्यूइंगच्या आधी पोलाद घासून गुळगुळीत करतात. त्यात धारदार कडा बोथट होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात, प्रूफचे (शस्त्र चाचणीत टिकल्याचे) ठसे पुसट होतात. गिरगावात आमच्या काकांनी हौसेनं करून घेतलं. आता शस्त्रावर कोरलेल्या नंबरातला शेवटचा आकडा ३ की ८ हे भिंगातून बघावं लागतं. लायसन्सच्या नूतनीकरणाला गेले तेव्हा घाम फुटला! नंबर म्हणजे शस्त्राचं आधार कार्डच की हो.

सिलिंडरवरचा (गोळ्या भरतात त्या फिरत्या भागावरचा) तपकिरी डाग आधी तेलानं, मऊ फडक्यानं पुसून बघा (रिकामी आहे ना, हे दोनदा तपासून). आणि ती चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवत असाल तर आजच बाहेर काढा. मुंबईच्या पावसाळ्यात चामडं ओल धरून बसतं, गंज तिथूनच लागतो. गंजानं पोलादात खड्डे पडले असतील तर मात्र परवानाधारक गनस्मिथलाच दाखवा.