बॉस्टन मॅरेथॉन क्वालिफाय केली, तरी बॉस्टन नाही. मग ह्याला स्टँडर्ड कशाला म्हणायचं?

वेताळटेकडी_४७

आधीच सांगतो, रडगाणं आहे, नको असेल त्यांनी पुढे सरका.

वय ४७. २०२५ च्या जानेवारीत मुंबई फुल मॅरेथॉन ३:१२:०९ मध्ये केली. बॉस्टनचं ४५ ते ४९ पुरुषांचं स्टँडर्ड (अर्ज करायला लागणारा टाईम) ३:१५ आहे, म्हणजे २ मिनिटं ५१ सेकंद राखून पास. घरी पेढे आले, बायकोने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं पण की विमानाचं तिकीट काढलं का. सप्टेंबरमध्ये अर्ज भरला आणि मेल आला, सॉरी, जागा नाही.

कारण २०२६ चा कट-ऑफ निघाला ४:३४. स्टँडर्डपेक्षा ४ मिनिटं ३४ सेकंद फास्ट असाल तरच आत. म्हणजे माझ्यासाठी खरा टाईम ३:१०:२६ होता, फक्त ते मला पळून झाल्यावर आठ महिन्यांनी कळलं. १ मिनिट ४३ सेकंदांनी गेलं. किलोमीटरला अडीच सेकंदसुद्धा नाहीत. परतीच्या पेडर रोडच्या चढावर टेबलापाशी थांबून डोक्यावर पाणी ओतलं होतं ते आता रात्री आठवतं.

आणि गंमत म्हणजे २०२६ च्या शर्यतीला साठीच्या आतल्या सगळ्यांचं स्टँडर्ड त्यांनी आधीच ५ मिनिटांनी कडक केलं होतं. १८ ते ३४ पुरुष ३:०० चे २:५५ झाले, बायका ३:३० च्या ३:२५. तरी वर हे साडेचार मिनिटं. ३३,२४९ अर्ज, २४,३६२ घेतले. बाकी साधारण नऊ हजार माझ्यासारखे, पास होऊन घरी बसलेले. शर्यतीत जागा तीस हजार, मग वरच्या साडेपाच हजारांत मोठा भाग चॅरिटीवाल्यांचा आणि बाकी आमंत्रणवाल्यांचा, त्यांना टाईमचं बंधन नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ह्याला क्वालिफायिंग म्हणू नका. 'अर्ज करायची परवानगी' म्हणा.

ढवळे_सर_नाही

प्रिलिम पास झाला म्हणून कोणी लाल दिव्याची गाडी मागत नाही हो. एमपीएससीवाल्या पोरांना विचारा, एका मार्काने गेलेले सदाशिव पेठेत ढिगाने सापडतील. पेढे लवकर वाटलेत 😀

इंटरव्हल_मंगळवार

वाईट वाटलं दादा, ३:१२ मुंबईत म्हणजे खरंच भारी टाईम आहे, पण मुद्दा पटला नाही.

जागा मोजक्या आहेत हे मान्य आहे ना? शर्यत जिथून सुटते ते हॉपकिंटन हे छोटं गाव आहे, तिथून निघणारा रस्ता काही रुंद नाही, लाखभर लोक सोडता येत नाहीत. मग जास्तीचे लोक कसे कापायचे ते सांगा. लॉटरी? लंडनला बघा, २०२६ साठी ११ लाखांच्या वर अर्ज गेले. तिथे ज्याने आयुष्यात पाच किमी केलं नाही त्याचा नंबर लागतो आणि पंधरा वर्षं घाम गाळणारा दरवर्षी 'अनलकी' चा मेल वाचतो. ते बरं वाटतं का?

आणि ही 'फास्ट माणूस आधी' पद्धत त्यांनी हौसेने नाही आणली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये २०११ च्या शर्यतीची नोंदणी ८ तास ३ मिनिटांत फुल्ल झाली होती. क्वालिफाय झालेले लोक मीटिंगमध्ये होते, झोपले होते, विमानात होते, ते गेले बाहेर. म्हणजे तेव्हा पायांपेक्षा वायफाय महत्त्वाचं होतं. सकाळी दहाचं तत्काळ तिकीट जसं. त्यानंतर २०१२ पासून हे सुरू झालं की जो जास्त फास्ट तो आधी. मला तरी ह्याच्याइतकं सरळ काही दिसत नाही. तुमच्याऐवजी जो गेला तो तुमच्यापेक्षा त्याच्या स्टँडर्डच्या जास्त पुढे होता, बस.

वेताळटेकडी_४७

जो फास्ट त्याला द्या, माझी ना नाहीच. पण आकडा आधी सांगा. २०२२ आणि २०२३ ला कट-ऑफ शून्य होता, जो पास तो आत. २०२४ ला ५:२९. २०२५ ला ६:५१! मग ५ मिनिटं कडक केलं तर ४:३४. आता सांगा मी पळताना कोणता आकडा डोक्यात ठेवायचा? घड्याळात ३:१५ ची पेस (किमीला किती वेळ ते) लावू, ३:१० ची लावू, की ३:०८? प्रत्येक वेळी वेगळी शर्यत आहे ती. ३:१० ला जाऊन ३२ व्या किमीला भिंतीवर आपटलो, म्हणजे ताकदच संपली, तर ३:३०.

इंटरव्हल_मंगळवार

आकडा आधी सांगायचा म्हणजे जगात किती लोक किती फास्ट पळणार हे आधी माहीत पाहिजे. ते कोण सांगणार, पंचांग?

दमछाक

मला पेस-बिस कळत नाही, माझी हाफ मॅरेथॉनच २:२० आहे, त्यामुळे बॉस्टन माझ्या सात पिढ्यांत नाही. पण चॅरिटीचं मला खरंच खटकतं. ह्यांनी पहाटे चारला उठून तीन वर्षं घालवली आणि कोणीतरी हजारो डॉलर गोळा करून सहा तासांत चालत पूर्ण करणार आणि दोघांच्या गळ्यात तेच युनिकॉर्नचं मेडल. डोनेशन भरून मेडिकलला सीट घेतल्यासारखं नाही का हे?

फ्रॅमिंगहॅमकर

दमछाक, डोनेशन सीटशी तुलना चुकीची आहे. शर्यत आमच्या गावातून जाते, गेली नऊ वर्षं (कोविडची दोन सोडून) एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी मी रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या फोडी घेऊन उभा असतो, पॅट्रियट्स डे म्हणजे इथे शाळा आणि सरकारी ऑफिसांना सुट्टी, आमच्या मुली डबे वाजवतात (पितळी ताट आणि लाटणं, आजूबाजूचे अमेरिकन बघत राहतात). ते पैसे कॉलेजच्या ट्रस्टींच्या खिशात जात नाहीत. डेना-फार्बर कॅन्सर हॉस्पिटलची टीम १९९० पासून पळते, कॅन्सर रिसर्चसाठी. मागून येणाऱ्या त्या लोकांच्या पाठीवर नावं लिहिलेली असतात, आईचं, मुलाचं. दुपारी तीननंतर उभं राहून बघा एकदा, मग मेडल कोणाचं जड ते ठरवा.

हां, त्या जागा थोड्या कमी करून क्वालिफायरना द्याव्यात का, ह्यावर बोलता येईल. पण त्यांना चोर म्हणू नका.

दमछाक

चोर नाही म्हटलं. पण बरं, शब्द मागे.

घाटउतार

कोणी उताराच्या शर्यतींबद्दल बोलतच नाहीये. अमेरिकेत डोंगरावरून खाली सोडणाऱ्या मॅरेथॉन आहेत, गुडघे जातात पण टाईम येतो. आमचे वेताळटेकडी पेडर रोड चढतायत आणि तिकडे लोक घसरगुंडीवरून क्वालिफाय होतायत. २०२७ पासून बंदोबस्त केलाय म्हणा: निव्वळ उतार १,५०० फुटांच्या वर असेल तर टाईममध्ये ५ मिनिटं वाढवणार, ३,००० च्या वर १० मिनिटं, आणि ६,००० किंवा जास्त असेल तर धरणारच नाहीत.

मी हिशोब केला, महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे वाईला उतरायचं आणि वाईपासून उरलेलं सपाट, तर सहाशे मीटरच्या वर उतार मिळतो, दंड फक्त ५ मिनिटं. पसरणी घाटात गाड्या बंद करायला कोणी ओळखीचं आहे का?

(बाय द वे बॉस्टनचा स्वतःचा रूट पण उताराचाच आहे, म्हणून २०११ ला जेफ्री मुताई २:०३:०२ पळाला तरी तो वर्ल्ड रेकॉर्ड धरला नाही. पण न्यूटन गावच्या टेकड्या उतार संपल्यावर येतात, मांड्या आधीच गेलेल्या असतात, त्यातलीच शेवटची हार्टब्रेक हिल.)

सबथ्री_कधीतरी

खरं बोलू का, ज्याला बोलायला सगळे घाबरतात ते? बायकांना सरसकट ३० मिनिटं जास्त का? एलिट म्हणजे व्यावसायिक धावपटूंमध्ये फरक साधारण दहा टक्के असतो. २:५५ चे दहा टक्के म्हणजे साडेसतरा मिनिटं. ३:२५ ऐवजी ३:१२-३:१३ पाहिजे. माझ्या वयाला २:५५ म्हणजे किमीला ४:०९ ची पेस, आणि ३:२५ म्हणजे ४:५१. मग पुरुषांचे कट-ऑफ का बोंबलणार नाहीत.

पहाटे_पाच

आलास का बाबा. मी वाटच बघत होते.

वय ४१, माझं स्टँडर्ड ३:३५, माझा बेस्ट ३:४१, म्हणजे ही 'सवलत' मला अजून मिळालेली नाही, तेव्हा निवांत बोलते. तुझं गणित बरोबर आहे. एलिटचं. पण एलिट बाई आणि एलिट पुरुष दोघं दिवसभर तेवढंच करतात, झोप, मसाज, जेवण. माझ्याकडे ते नाहीये. मी पहाटे पाचला एकटी निघत नाही, दुसरी कोणी येणार असेल तरच, ती नाही आली तर लाँग रन गेला. अंधारात मोबाईल हातात, कानात काही नाही, मागून बाईक हळू झाली की माझी पेस आपोआप ४:३० होते, ती स्ट्रावा ॲपवर दिसते फक्त 🙂 सातला घरी येऊन डबे. हे तुझ्या दहा टक्क्यांत कुठे बसतं?

आणि १९७२ पर्यंत तर बायकांना अधिकृतपणे पळूच देत नव्हते तिथे. १९६६ ला बॉबी गिब स्टार्टजवळच्या झुडपात लपून बसली आणि मध्येच घुसली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्वित्झरचा छातीवरचा २६१ नंबरचा बिब अधिकारी धावत येऊन ओढत होता. पन्नास वर्षांनी, २०१७ ला, ती सत्तरीची असताना तोच नंबर लावून परत पळाली. तेव्हा ३० मिनिटं कोणाच्या खिशातून गेली ह्याचा हिशोब मांडायचाच तर जुन्या वहीपासून मांडू.

सबथ्री_कधीतरी

इतिहासाचा आणि आजच्या टाईमचा संबंध नाही. पण पाचच्या अंधाराचा आहे, ते कळलं. मी निघताना फक्त बूट बघतो.

साठीचा_अण्णा

पोरांनो, थोडं जुनं सांगतो. १९७० च्या आधी असलं काही नव्हतंच. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी अट घातली की चार तासांच्या आत संपवायची तयारी झालीय असं प्रशिक्षकाकडून लिहून आणा, कारण गर्दी हजाराच्या वर जायला लागली होती आणि त्यांना ती डोईजड वाटत होती. पुढच्या वर्षी ३:३०. १९८० ला चाळिशीच्या आतल्या पुरुषांना २:५०! तुम्ही २:५५ ला रडताय, त्या काळच्या बुटांत २:५० काढून दाखवा. नंतर सैल करत १९९० ला ३:१० वर आणलं, मग २०१३ ला पुन्हा पाच मिनिटं कडक, २०२० ला पुन्हा पाच. म्हणजे हे स्टँडर्ड कधी दगडावरची रेघ नव्हतंच, मागणी वाढली की वर, कमी झाली की खाली. कांद्यासारखं.

आता बुटांत कार्बनची पट्टी आली, पळताना खायची एनर्जी जेल आली, घड्याळ सांगतं कधी झोपायचं. सगळेच फास्ट झाले. त्यात कोणाचा दोष?

आणि माझ्यासारख्यांना २०२६ ला हात लावलेला नाही, ५५ ते ५९ ला ३:३० आणि साठ लागले की एकदम ३:५०. वीस मिनिटांची भेट. म्हातारपणाचा एवढाच फायदा मला आत्तापर्यंत दिसला, दुसरा एसटीचा, तोही अजून लांब आहे.

पहाटे_पाच

अण्णा 😂😂

ढवळे_सर_नाही

पण वेताळटेकडी, मुंबईतच का? जानेवारी म्हणजे आपली थंडी, त्यांची नाही. घामाने बूट फचक फचक करतात हाफपासूनच. फेब्रुवारीत दिल्ली करा, सपाट आहे, हवा गार. तोच माणूस तेच पाय, मिनिट दीड मिनिट तिथेच मिळेल.

वेताळटेकडी_४७

तोच तर माझा अजून एक मुद्दा होता, लिहायचा राहिला. ज्याला परवडतं तो बर्लिन किंवा शिकागोला जाऊन क्वालिफाय होतो, म्हणजे क्वालिफाय व्हायला एक परदेशवारी आणि पळायला दुसरी, व्हिसाचं वेगळंच. मुंबईच्या दमटपणाचे पाच मिनिटं कोणी वजा करत नाही, उताराचे मात्र मोजले फुटांत.

इंटरव्हल_मंगळवार

हवामानाचं मान्य. पण मग २०१८ ला बॉस्टनला थंडगार पाऊस आणि समोरून वारा होता, आणि जिंकला कोण, युकी कावाउची, जपानचा सरकारी नोकरीवाला, ऑफिस करून सराव करणारा. २:१५:५८. हवा सगळ्यांना सारखीच असते.

वेताळटेकडी_४७

त्या दिवशी त्या रस्त्यावर असणाऱ्यांना सारखी असते. मी त्या रस्त्यावर जाऊ शकलो नाही हीच तर तक्रार आहे!

असो. तुमचं तत्काळवालं पटलं, खोटं कशाला बोलू. लॉटरी मलाही नको. पण 'क्वालिफायर' हा शब्द मी ह्यापुढे वापरणार नाही. आणि सोसायटीच्या ग्रुपवर काही टाकायचं नाही असं घरात ठरलंय.

दिल्लीचं रजिस्ट्रेशन केलं काल रात्री. ३:०८ धरून चाललोय, किमीला ४:२७. फेब्रुवारीपर्यंत रविवारचे लाँग रन एनडीए रोडला, साडेचारला सुरू. ३:१० च्या आसपासचं कोणी आहे का सोबतीला?

पहाटे_पाच

साडेचार?? तुमच्या पेसला नाही येणार मी, पण पहिले दहा किमी तुमचा वॉर्म अप आणि माझा टेम्पो रन. आम्ही तिघी आहोत. चालेल का?

वेताळटेकडी_४७

चालेल. चांदणी चौकात भेटू, ४:२५.

दमछाक

मी सायकलवर पाणी घेऊन येतो. चढावर मात्र ढकलत येईन, थांबा.