सेन्सर बदलूनही एबीएसचा दिवा जात नसेल तर

बिघाडाचा कोड पुढच्या डाव्या चाकाचा, तिथला चाकाचा वेग मोजणारा सेन्सर नवा टाकला, तरी एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटलेलाच, असं तुम्ही म्हणताय. कोड फक्त कोणत्या चाकाचा सिग्नल बिघडलाय ते सांगतो. दोष वायरमध्ये किंवा टोन रिंगमध्येही (चाकासोबत फिरणारी, सेन्सर वाचतो ती दात्यांची किंवा चुंबकीय रिंग) असू शकतो.

स्कॅनरवर (गाडीचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) चारही चाकांचा लाइव्ह स्पीड लावा आणि शेजारच्याला बघायला सांगून सरळ रस्त्यावर हळू चालवा. आकडा कायम शून्य असेल तर वायर किंवा कनेक्टर बघा. स्टिअरिंग वळवलं की वायर सतत वाकते, त्यामुळे वरचं आवरण धड दिसतं आणि आतली तार तुटलेली असते. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून तपासा.

थांबता थांबता आकडा मधूनच पडत असेल आणि ब्रेक पेडल विनाकारण थरथरत असेल, तर माझा संशय टोन रिंगवर. तडा किंवा गंज बघा. बेअरिंग नुकतं बदललंय का? काहींच्या सीलमध्येच चुंबकीय रिंग असते. ते उलटं बसलं की सिग्नल बंद.

आणि मल्टिमीटरने ओहम (विजेचा रोध) मोजायचे ते जुन्या, कॉइलवाल्या सेन्सरचे. साधारण एक-दोन हजारांच्या आसपास येतात. हॉल प्रकाराच्या, म्हणजे वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या नव्या सेन्सरचे ओहम मोजू नका, इग्निशन चालू करून कनेक्टरला व्होल्टेज येतंय का एवढंच बघा.