मदत हवी आहे: 'एव्हरीमॅन'मधल्या मृत्यूला काय घालू?

पडदानशीन:
'एव्हरीमॅन' हे मध्ययुगातलं इंग्रजी नाटक, त्यात मृत्यू, संपत्ती, भाऊबंद, सत्कर्म, ज्ञान हीच पात्रं असतात. प्रयोग तोंडावर आलाय आणि मृत्यू न् संपत्ती ह्या दोघांचे कपडे अजून ठरत नाहीयेत. दिग्दर्शकाला कवटी, विळा, काळी कफनी काही नको, काळ बदललाय तर मृत्यूपण त्याच काळातला दिसला पाहिजे म्हणतो. कोणी केलंय का असं? लवकर सांगा, शिवायलाही वेळ लागतो.

रंगवेडा:
काळ कुठला ते सांगा की आधी. नट किती?

बकुळ:
पुण्यात नाटकाचे कपडे भाड्याने मिळतात, शिवत बसू नका. फक्त डिपॉझिट आधी विचारून घ्या.

पडदानशीन:
मी इंग्लंडात लेस्टरला आहे हो. नाटकातला काळ १९४२चं लंडन, प्रयोग चर्चच्या हॉलमध्ये, आठ नट, मृत्यू करणारा नटच नंतर भाऊबंद होतो.

रंगवेडा:
मग तारवाला पोरगा करा! निळा युनिफॉर्म, कमरेला चामडी पाउच. युद्धात तार म्हटलं की घरोघरी धस्स व्हायचं, आणि मृत्यू इथे बोलावणं घेऊनच येतो ना. १९४१च्या जूनपासून तिथे कपड्यांचं रेशनिंग, घ्यायला कुपनं, पहिल्या वर्षी माणशी ६६, त्यात ४२ला नवे डबल ब्रेस्टेड कोट शिवायला बंदी, म्हणून संपत्तीला नेमका तोच कोट द्या, भडक टाय, काळाबाजारवाला दिसला पाहिजे.

जुनाबाज:
तार पटली, बाकी नाही. ह्या नाटकांत रंग बोलतात. 'कॅसल ऑफ पर्सिव्हरन्स' हे असंच दुसरं जुनं इंग्रजी नाटक, साधारण १४२५चं, त्याच्या हस्तलिखितात लिहूनच ठेवलंय, दया पांढऱ्यात, न्याय लाल, सत्य गडद हिरव्यात, शांती काळ्यात. सगळ्यांना खाकी न् करडं चढवलंत तर सत्कर्म कोण न् भाऊबंद कोण कसं कळणार?

रंगवेडा:
काळ्या कपड्यातली शांती आजच्या प्रेक्षकाला विधवा वाटेल. कपड्याच्या कटवरून कळतं माणूस कोण ते.

सिंधुदुर्गकर:
आमच्या दशावतारात संकासुर काळ्या कपड्यात येतो, लांबून ओळखू येतो. मुखवटे वापरा.

जुनाबाज:
त्याच हस्तलिखितात सैतानाच्या हातात न् कानांत नळ्या, त्यात पेटती बंदुकीची दारू! हॉलमध्ये करू नका मात्र.

पडदानशीन:
सैतान नाहीये ह्यात. जमिनीवर पडलेलं सत्कर्म? आणि ज्ञान जे पश्चात्तापाचं वस्त्र देतं ते?

रंगवेडा:
सत्कर्माला डब्ल्यूव्हीएसच्या, म्हणजे युद्धकाळातल्या स्वयंसेवी संस्थेच्या बायकांचा हिरवा कोट, ती संस्था १९३८चीच. वस्त्र म्हणजे हवाई हल्ल्याच्या शेल्टरमधलं करडं ब्लँकेट.

जुनाबाज:
हिरवा चालेल. बाकीचे सगळे करडे ठेवा मग, तो उठून दिसू दे.

पडदानशीन:
तार आणि ब्लँकेट दोन्ही घेते. पण तारवाल्याला भाऊबंद व्हायला मिनिटभरसुद्धा मिळत नाही, युनिफॉर्मला पुढून वेल्क्रो लावलं तर आवाज येईल का?