बहिणीला १३ वर्षं फिट येतात, एमआरआय दोनदा नॉर्मल. पुन्हा करायचा का, आणि कसला?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.
धाकटी बहीण २६ वर्षांची, बी.एड. झालंय, आमच्याच तालुक्यात शाळेवर शिकवते. तेराव्या वर्षापासून फिट येतात. पडून हातपाय झाडणारी मोठी फिट वर्षातनं एखादी, पण छोट्या आठवड्याला दोन-तीन. आधी म्हणते पोटातनं काहीतरी वर चढतंय, मग नजर एका जागी, ओठ चाटत राहते, डाव्या हाताने ओढणीचं टोक चुरगाळत बसते आणि उजवा हात ताठ होऊन वाकडा होतो. दीड-दोन मिनिटं. त्यानंतर पाच-दहा मिनिटं शब्दच सापडत नाहीत, मी समोर असतो, ओळखते पण ‘दादा’ म्हणता येत नाही, नुसती बघत राहते, ते बघवत नाही हो.
मागच्या महिन्यात वर्गात फळ्यापुढे आली, पोरं घाबरली, आता तिला वर्ग काढून ऑफिसात बसवलंय.
तीन औषधं झाली, लेव्हेटिरासिटाम, ऑक्सकार्बाझेपिन, आता सोबत क्लोबाझाम. गोळी कधी चुकवत नाही. एमआरआय २०१६ ला एक आणि गेल्या वर्षी एक, दोन्ही इथल्या जवळच्या सेंटरला, दोन्ही वेळी रिपोर्टात ब्रेन नॉर्मल एवढी एकच ओळ. आता चौथी गोळी सुरू करू म्हणतायत. आई म्हणते नॉर्मल आलंय ना, मग कशाला पुन्हा मशीनमध्ये घालायचं. मी वाचतोय तर थ्री टी, सेव्हन टी, फंक्शनल, पेट, डोकं फिरायची वेळ आलीय. पैसे एकदाच जमवू शकतो, वाया जायला नकोत. काय करू?

तंत्रज्ञ_नाशिक:
मी ११ वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे. आधी एक विचारतो, दोन्ही वेळी चिठ्ठीवर डॉक्टरांनी काय लिहिलं होतं? नुसतं ‘फिट्स, एमआरआय ब्रेन’ असेल तर आम्ही साधा ब्रेन करतो, म्हणजे पाच मिलिमीटर जाडीचे आडवे काप, मध्ये थोडी फट, पंधरा-वीस मिनिटांत पेशंट बाहेर. गाठ, रक्तस्राव, स्ट्रोक असेल तर त्यात दिसतं. पण फिटचं कारण बऱ्याचदा फार बारीक असतं.
हिप्पोकॅम्पस नावाचा भाग कानाच्या आतल्या अंगाला असतो, लांबीला जेमतेम चार सेंटीमीटर. अळूवडीचा उंडा डोळ्यापुढे आणा. उभा चिरला तर नुसती हिरवी पट्टी दिसते, आडवा कापलात तरच आतली गुंडाळी दिसते. हिप्पोकॅम्पसचंही तसंच, त्याच्या लांबीला काटकोनात दोन मिलिमीटरचे काप घेतले, मध्ये फट न ठेवता, तर आतली वळणं दिसतात आणि एक बाजू सुकलीय का ते डाव्या-उजव्या तुलनेत कळतं. हे काप मुद्दाम आखावे लागतात, आपोआप येत नाहीत.
म्हणून चिठ्ठीवर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’, म्हणजे अपस्मारासाठी (फिटांच्या आजारासाठी) ठरवलेली स्कॅनची पद्धत, असं लिहून घ्या. २०१९ मध्ये अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हार्नेस नावाने एक किमान यादी दिलीय, एक मिलिमीटरचा थ्रीडी टी-वन (यात मेंदूची रचना नीट दिसते), एक मिलिमीटरचा थ्रीडी फ्लेअर (यात डाग उजळ दिसतात) आणि मी सांगितलेले हिप्पोकॅम्पसचे कॉरोनल, म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंतचे उभे, टी-टू काप, बस, या तीन गोष्टी. हे कुठल्याही बऱ्या मशीनवर होतं. थ्री टी (टी म्हणजे टेस्ला, मशीनच्या चुंबकाची ताकद) मिळालं तर उत्तमच पण नीट आखलेला दीड टी हा घाईत मारलेल्या थ्री टीपेक्षा केव्हाही चांगला, हे मी रोज बघतो.

न्यूरो_रेसिडेंट:
वरच्यांचं शंभर टक्के बरोबर. मी न्यूरॉलॉजी शिकतोय, इथून निदान करणार नाही, पण तुम्ही जे वर्णन लिहिलंय ते एमआरआयइतकंच मोलाचं आहे आणि ते रेडिओलॉजिस्टपर्यंत पोचलेलंच नसणार. पोटातून वर चढणं, ओठ चाटणं, हात चाळवणं, हे टेम्पोरल लोबकडे, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाकडे, बोट दाखवतं, हिप्पोकॅम्पस त्यातच असतो. उजवा हात वाकडा होतो म्हणजे सुरुवात बहुधा डावीकडून, आणि नंतर बोलता न येणं हेही डावीकडेच नेतं कारण बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते. हे सगळं चिठ्ठीवर लिहून गेलं की वाचणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं.
जर्मनीत बॉनमध्ये अभ्यास झाला होता, २००२ साली छापून आला. साधा एमआरआय आणि वाचणारा एपिलेप्सीतला तज्ज्ञ नसेल तर दोष ३९ टक्क्यांमध्येच पकडला गेला. तीच चित्रं तज्ज्ञाने वाचली तर ५० टक्के. तज्ज्ञ आणि खास एपिलेप्सीचा एमआरआय दोन्ही असेल तर ९१. मशीन बदलण्याआधी चिठ्ठी, प्रोटोकॉल आणि डोळे बदला असं मी म्हणतो ते यामुळे.
एक विचारायचं राहिलं, लहानपणी तापात फिट आली होती का?

कृष्णाकाठ:
हो! वर्षाची असताना, अर्धा तास थांबली नव्हती, आई अजून सांगते रिक्षातनं नेताना कशी निळी पडली होती ते. हे कुणी कधी विचारलंच नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

न्यूरो_रेसिडेंट:
मग तर हिप्पोकॅम्पस नीट बघायलाच हवा, तापातल्या लांबलेल्या फिटेचा इतिहास हिप्पोकॅम्पस सुकलेल्या पेशंटमध्ये वारंवार सापडतो.
चौथ्या गोळीबद्दल, नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट थांबत नसतील तर व्याख्येनेच त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात, साधारण तीनातला एक पेशंट असा असतो, आणि अशा वेळी एपिलेप्सी सेंटरला पाठवायचं असतं. गोळी बंद करू नका, अजिबात नाही, पण गोळीची वाट बघत आणखी पाच वर्षं घालवू नका. कॅनडात ८० पेशंटवर अभ्यास झालाय, २००१ चा, टेम्पोरल लोबचं ऑपरेशन ज्यांच्या वाट्याला आलं त्यांच्यातले ५८ टक्के वर्षभराने शुद्ध हरपणाऱ्या फिटेतून सुटले होते, नुसत्या औषधावर ८ टक्के. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने ११६ मुलांवर केला, २०१७ मध्ये आला, तिथे ७७ विरुद्ध ७.

दोन_मुलांची_आई:
दादा, आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांची भीती मला कळते. माझ्या मुलाला फक्त झोपेत फिट यायच्या, रात्री चार-चार, मी त्याच्या मनगटाला माझ्या पदराचं टोक बांधून झोपायचे म्हणजे हललं की जाग येईल. तीन एमआरआय नॉर्मल. डॉक्टर फिल्म ट्यूबलाइटसमोर धरायचे, दहा सेकंद बघायचे, परत पाकिटात.
शेवटी आम्ही नेत्रावतीने पनवेलहून तिरुवनंतपुरमला गेलो, श्री चित्रा हॉस्पिटलला, तिथे १९९५ पासून ही ऑपरेशनं होतात. आधी व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, चार दिवस डोक्याला वायरी आणि समोर कॅमेरा, मग त्यावरून कळलं की उजवीकडे पुढून येतंय, आणि मग त्या जागेवर लक्ष ठेवून आमचा तिसरा, हो नॉर्मल म्हटलेलाच, एमआरआय त्यांनी पुन्हा उघडला. एका घडीच्या अगदी तळाशी डाग. राखाडी आणि पांढऱ्याची सीमा तेवढ्याच जागी पुसट. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेशिया म्हणाले, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराची एका जागी बिघडलेली घडण, जन्मापासूनचा. स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा मला दिसलं, मला! एवढी वर्षं पिशवीत घेऊन फिरत होते मी ते.
म्हणून माझं एकच सांगणं, फिल्मवर समाधान मानू नका, सीडी घ्या आणि तिथेच उघडते का बघा, आणि सगळे पातळ काप असलेली डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइल्स, द्या असं स्पष्ट सांगा. आमची एक सीडी उघडलीच नव्हती. फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो कुणाला पाठवण्यात अर्थ नाही. आणि फिट आली की एकाने सांभाळायचं, दुसऱ्याने व्हिडिओ काढायचा, दोन्ही हात आणि चेहरा दिसेल असा, मध्ये ‘तुझं नाव काय’ विचारत राहायचं. मनाला लागतं काढताना, पण काढा.
आईंना हेही सांगा, १९९९ पासून हिंदू विवाह कायद्यातूनसुद्धा अपस्माराचा मुद्दा काढून टाकलाय. लपवायची गोष्ट नाही ही.

लंडनकर_पुणेकर:
मी इथे ब्रेन इमेजिंगमध्ये पीएचडी करतेय म्हणून बाकीच्या नावांबद्दल सांगते, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते ठरवता येईल.
सेव्हन टी आत्ता डोक्यातून काढा. काही पेशंटमध्ये थ्री टीला न दिसलेला दोष त्यात दिसतो हे खरं, पण तुमच्याकडे अजून नीट थ्री टीच झालेला नाही.
एआयबद्दलही विचाराल म्हणून, लंडनमधल्या मेल्ड नावाच्या प्रकल्पाने डिस्प्लेशिया शोधणारा प्रोग्रॅम केलाय, २०२५ च्या पेपरात रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून सुटलेल्यांपैकी ६४ टक्के त्याने दाखवले. मला या कामाबद्दल फार आस्था आहे, पण तो निरोगी जागेवरही बोट ठेवतो, आणि पातळ कापांचा नीट टी-वन असल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. म्हणजे पुन्हा तंत्रज्ञदादांच्या यादीवरच गाडी येते.
पेट, म्हणजे साखर कुठे कमी वापरली जातेय ते बघणं, हे एमआरआय खरंच नॉर्मल आला किंवा ईईजीशी जुळला नाही तर. फंक्शनल एमआरआय निदानासाठी नाहीच, तो ऑपरेशनचं ठरलं तर. मनातल्या मनात ‘क’ वरून शब्द आठवायला लावतात आणि मेंदूत रक्तपुरवठा कुठे वाढतो ते बघतात, त्यावरून भाषा कुठल्या बाजूला आहे ते समजतं. तुमच्या बहिणीला हे नक्की लागेल, डावी बाजू आहे म्हणून. बाहेरच्या राज्यात जाणार असाल तर आधीच विचारा की ही चाचणी मराठीत करता येईल का, कारण परक्या भाषेत शब्द शोधायला लावले तर निकालात घोळ होतो. तसंच डिफ्युजन टेन्सर, त्यात पांढऱ्या तंतूंच्या वाटा काढतात. टेम्पोरल लोबमधून नजरेचे तंतू वळसा घालून जातात, ते कापले गेले तर वरच्या कोपऱ्यातलं दिसणं जातं, शिक्षिकेला ते किती महत्त्वाचं.

तंत्रज्ञ_नाशिक:
एक राहिलं. सगळ्यात जास्त स्कॅन हलण्याने बिघडतात. डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल येते, आवाज ठकठक मोठा असतो, ३०-४० मिनिटं लागतात. तिला आधी सांगून ठेवा, हातात दाबायचा फुगा असतो, घाबरलं तर दाबायचा, कुणी रागावत नाही. सकाळची गोळी चुकवायची नाही. पिना, बांगड्या, केसांतला क्लिप घरीच ठेवा. आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन पहिल्या फेरीत सहसा लागत नाही, का देताय ते विचारा.

कृष्णाकाठ:
दोन महिन्यांनी लिहितोय, उशीर झाला, माफ करा सगळ्यांनी.
व्हिडिओ मिळाला, स्वयंपाकघरात आली तेव्हा वहिनीने तिला धरलं नि मी काढला, हात थरथरत होता माझा. तो न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी पूर्ण बघितला, परत बघितला आणि स्वतःच चिठ्ठीवर एपिलेप्सी प्रोटोकॉल, डावा टेम्पोरल, लहानपणी तापात लांबलेली फिट, असं सगळं लिहून दिलं. पुण्यात थ्री टी केला. ४० मिनिटं ती हलली नाही, बाहेर आली तर म्हणाली आतमध्ये पाढे म्हणत होते, तेवीसपर्यंत आले.
रिपोर्ट दीड पानाचा आहे. डावा हिप्पोकॅम्पस उजव्यापेक्षा लहान, फ्लेअरवर उजळ, आतली वळणं पुसलेली. जुन्या दोन्ही सीड्या नेल्या होत्या. २०१६ च्या जाड कापांतसुद्धा एका ठिकाणी अंधुक दिसतंय म्हणाले, आता माहीत असल्यामुळे. मी गाडीत बसून रडलो, खरं सांगतो. ती तेव्हा अकरावीत होती.
आईला स्क्रीनवर दाखवलं. आई काही बोलली नाही, नुसतं त्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, कधी जायचं?
मुंबईचं केईएम, बंगळूरचं निमहान्स आणि चित्रा, तिन्हीकडची माहिती काढली, चित्राला व्हिडिओ ईईजीची तारीख मिळालीय. ताई, तिथे राहायची सोय कुठे होते? आणि मराठीतल्या चाचणीचं कुणाशी बोलायचं?

दोन_मुलांची_आई:
व्यनि (खासगी निरोप) केलाय, दोन खोल्यांचे पत्ते दिलेत, एकीत गॅस आहे. तारखेच्या दोन दिवस आधी पोचा. ईईजीसाठी पुढून बटणं उघडणारे कपडे लागतात, डोक्यावरून काढता येत नाहीत, चार जोड घ्या.

लंडनकर_पुणेकर:
तिथल्या न्यूरोसायकॉलॉजीच्या लोकांना पहिल्याच भेटीत सांगा, तिचं शिक्षण मराठीतून झालंय. ‘क’, ‘प’, ‘म’ वरून नामांची आणि क्रियापदांची यादी मी आज करून पाठवते, बरोबर घेऊन जा, त्यांना वापरायची असली तर वापरतील.