मदत हवी आहे: जुनी रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडी, खालून तीन आवाज

गाडी माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी धाकटी. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. चार गिअरचा बॉक्स, दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा), मधे सेंटर बेअरिंग, मागे अखंड एक्सल आणि कमानपाटे. आधी वडील चालवायचे, आता आठवड्यातून दोनतीनदा मी बाहेर काढतो. गेले दोन महिने खालून आवाज येताहेत. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि "डिफरन्शियल गेलं, क्राऊन-पिनियनचा सेट बदला" म्हणून मोकळा झाला. म्हणजे मागच्या एक्सलमधली, ताकद दोन्ही चाकांना वाटणारी पेटी आणि तिच्यातली दातेरी जोडी: शाफ्टकडचं छोटं पिनियन, चाकांकडचं मोठं क्राऊन. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही तेही धड सांगता येत नाही.

कारण आवाज एक नाही, तीन आहेत.

पहिला 'टक्'. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की एकदा, रिव्हर्स टाकला की पुन्हा एकदा. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून परत दिला तरी येतो. बायको मागे बसली होती, तिचं म्हणणं सीटखाली कुणीतरी हातोडी विसरलंय.

दुसरा 'चिर्र चिर्र'. माणूस चालतो त्या वेगाला, भिंतीजवळून जाताना स्पष्ट. वेग घेतला की ऐकू येत नाही.

तिसरा खरा त्रासाचा. पन्नास ते पासष्टच्या दरम्यान 'ऊंऽऽ' असा लांब सूर. पाय दिलेला असताना बारीक, पाय उचलला की चढतो.

मी काय करून पाहिलं: ५५ च्या वेगाला तिसऱ्यात आणि चौथ्यात चालवली, 'ऊं'चा सूर तोच. मोकळ्या सरळ रस्त्यावर न्यूट्रल केली, तरी तोच. गुळगुळीत रस्ता, खडबडीत रस्ता, फरक नाही. डावी-उजवीकडे हलके झोल दिले, फरक नाही. गाडी उभी असताना क्लच दाबून-सोडून पाहिला, सगळं शांत. डिफरन्शियलचं तेल पाहिलेलं नाही, बोल्ट हलतच नाही. अलीकडे झालेलं काम म्हणजे मागचे ब्रेक शू आणि बॅटरी, बाकी काही नाही.

सुरुवात कुठून करू? सेट बदलायचीच वेळ असेल तर बदलेन, पण आधी कळू दे.

प्रतिसाद १

गाडी जुनी आहे, आवाज करणारच. रेडिओ लावा.

प्रतिसाद २

तुम्ही केलेल्या चाचण्यांनी अर्धं काम झालंय, फक्त त्यांचा अर्थ लावायचा राहिलाय. गिअर बदलून सूर बदलला नाही, न्यूट्रलमध्येही टिकला, म्हणजे 'ऊं' इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला नाही, रस्त्याच्या वेगाशी बांधलेला आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून चाकांपर्यंतच शोधायचं. रस्ता बदलून फरक नाही, म्हणजे टायर बहुधा नाही. झोल देऊन फरक नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंगही मागे पडतं, कारण गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या बाजूवर जातो आणि तिकडचं खराब बेअरिंग ओरडून सांगतं.

आता एक हिशेब करा, पुढे उपयोगी पडेल. टायरचा घेर १.८ मीटर आणि मागचं गुणोत्तर ४ धरू. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. चाक मिनिटाला ५०० फेरे, शाफ्ट आणि पिनियन २००० फेरे. थोडक्यात, चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे चार. तुमच्या गाडीचं गुणोत्तर थोडं वेगळं असेल, पण एक आणि चार यांत गल्लत व्हायची नाही.

म्हणून 'चिर्र' मोजा. टायरवर खडूची रेघ मारा, कुणालातरी अगदी हळू चालवायला सांगा आणि शेजारून चालत जा. रेघेच्या एका फेऱ्यात एकच चिर्र आली तर नवे ब्रेक शू किंवा ड्रम. चारच्या आसपास आल्या तर शाफ्ट, आणि शाफ्टवर चिरकणारी वस्तू म्हणजे कोरडा पडलेला यूजे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्यातला क्रॉस). त्याच्या वाट्यांतल्या सुईसारख्या रोलरांचं ग्रीस संपलं की ते गंजतात आणि चिमणीसारखे ओरडतात. मग 'टक्'साठी वेगळा आरोपी शोधायची गरज पडत नाही. गंजलेल्या क्रॉसमध्ये प्ले, म्हणजे ढिलाई, येतो आणि ताकदीची दिशा फिरली की तो प्ले एकदा आपटतो.

क्रॉस तपासताना गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, न्यूट्रल, हँडब्रेक सैल. क्रॉसच्या दोन्ही अंगांना हात घालून उलटसुलट पिळा. जाणवेल इतकी ढिलाई असली की तो गेला. वाटीच्या कडेला तपकिरी भुकटी दिसली तर पिळायचीही गरज नाही. 'टक्'ला इतरही कारणं असतात: शाफ्टचे झिजलेले स्प्लाइन (दांड्यावरच्या लांब दातेरी खाचा), एक्सलचे स्प्लाइन, पाट्यांचे सैल यू-बोल्ट. पण ती क्रॉसनंतर.

'ऊं' मात्र वेगळा. पाय उचलल्यावर चढतो हे महत्त्वाचं. पाय दिलेला असताना पिनियन क्राऊनपासून दूर ढकललं जातं, पाय उचलला की आत ओढलं जातं. पिनियनच्या बेअरिंगांवर जो आधीचा ताण ठेवलेला असतो, ज्याला प्रीलोड म्हणतात, तो सैल झाला की आत ओढलं जाताना पिनियन जागेवर राहत नाही, दातांची जुळणी बिघडते आणि गाडी रडते. म्हणून विचारतो, नीट आठवून सांगा: पिनियनचं ऑइल सील कधी बदललंय का?

धागाकर्ता

काका, तुम्ही गाडीखाली कॅमेरा लावलाय का? चार महिन्यांपूर्वी मागून तेल गळत होतं, दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सील बदललं. आवाजाआधीचं काम आणि तेही किरकोळ, म्हणून लिहिलं नाही. जुनाच नट परत लावला होता एवढं आठवतं, मी शेजारीच उभा होतो.

प्रतिसाद २

किरकोळ काम म्हणूनच ते घाईत होतं. बऱ्याच एक्सलांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये एक क्रश स्लीव्ह असते. नट आवळताना ती चेपते आणि त्यातून प्रीलोड ठरतो. सील बदलायला नट काढला की तो हिशेब मोडतो. परत लावताना नट मूळ जागेच्या अलीकडे थांबला तर बेअरिंग सैल, पलीकडे गेला तर स्लीव्ह जास्त चेपून बेअरिंग जाम. जाम झालेलं गरम होतं आणि सहसा पाय दिला-उचलला तरी सारखंच ओरडतं. तुमचं सैल असावं. पिनियनचा फ्लँज (जिथे शाफ्ट बोल्टने जोडतात ती चकती) धरून वर-खाली हलवा. फिरवताना थोडा मोकळेपणा चालतो, तो दातांचा असतो. वर-खाली मात्र काहीच हलता कामा नये.

आणि तेल बघा. भरायचा बोल्ट आधी सोडवा, गाळायचा नंतर. भरायचा बोल्ट निघालाच नाही तर रिकामं हौजिंग घेऊन बसाल.

प्रतिसाद ३

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त सावधगिरीचं सांगतो. आवाज ऐकायला मागची चाकं उचलून इंजिन चालू करायचा मोह होईल. केलंच तर स्टँड एक्सलखाली लावा. बॉडी उचलून एक्सल लोंबकळत ठेवलं तर शाफ्टचे कोन बदलतात आणि भलताच आवाज ऐकू येतो. एक चाक अडलं तर साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं दुप्पट वेगाने फिरतं. चालू गाडीखाली शिरायचं नाही, कितीही अनुभव असो.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर आणि स्प्लाइनवर खुणा करा.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

उशीर झाला, बोल्टनेच तीन दिवस खाल्ले.

चिर्र मोजल्या: एका फेऱ्यात चार, कधी चार आणि थोडं. मागच्या क्रॉसला तपकिरी भुकटी, पिळल्यावर ढिलाई. मधला ठीक, सेंटर बेअरिंगचा रबर शाबूत. क्रॉस बदलला. चिर्र गेली, 'टक्' जवळजवळ गेला.

पण लगेच सत्तरला गाडी थरथरायला लागली! खुणा केल्या होत्या खडूने, त्या तेलाने पुसल्या गेल्या. स्लिप जॉइंट (शाफ्टचा सरकणारा सांधा) एका दाताने चुकला होता, त्यामुळे शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत नव्हते. उतरवून परत बसवला, थरथर गेली. अख्खा रविवार त्यात गेला.

डिफरन्शियलचं तेल भरायच्या भोकाच्या काठापासून बरंच खाली होतं. बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलम, पण तुकडे किंवा चकत्या नाहीत. ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल भरलं, 'ऊं' किंचित मऊ झाला, गेला नाही. फ्लँज वर-खाली हलतो. अगदी थोडा, पण हलतो.

प्रतिसाद २

नुसतं मलम असेल तर ती नेहमीची झीज, चकत्या असत्या तर वेगळं बोललो असतो. सेट विकत घेऊ नका. आधी मागचं झाकण काढून दात बघा, ओरखडे किंवा खड्डे नसतील तर क्राऊन-पिनियनला हात लावायचा नाही. फक्त पिनियनची दोन्ही बेअरिंगं, नवं सील, नवी स्लीव्ह, नवा नट. तुमच्या एक्सलात स्लीव्हऐवजी शिम (पातळ चकत्या) निघाल्या तर त्यांचा क्रम आणि जाडी लिहून ठेवा. नट अंदाजाने आवळायचा नाही. थोडा आवळायचा, पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचं, परत थोडा. आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल, नव्या आणि जुन्या बेअरिंगांसाठी वेगवेगळा असतो. नट पुढे गेला तर मागे फिरवून भागत नाही, स्लीव्ह बदलावी लागते. म्हणून दोन आणून ठेवा.

आता बरेच दिवस सैल चालवलीय, तेव्हा दातांनी नवी घसट धरली असेल तर थोडा सूर शिल्लक राहू शकतो. तेवढा सोसा.

धागाकर्ता

दोन स्लीव्ह मागवल्या. या वेळी खुणा ऑइलपेंटने.

प्रतिसाद १

तोपर्यंत रेडिओ.