मदत हवी आहे: अर्ज छाननीचं सॉफ्टवेअर 'उच्च जोखीम' गटात जातं का?

युरोपियन युनियनच्या एआय कायद्याखाली (२०२४/१६८९) वर्गीकरण करताना एका जागी गाडं अडलंय.

सॉफ्टवेअर दोन कामं करतं. एक, बायोडेटातून शिक्षण, अनुभवाची वर्षं, भाषा असे रकाने उचलून तक्ता भरतं. दोन, त्या तक्त्यावरून उमेदवाराला १०० पैकी गुण देतं.

नोकरभरती कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये, म्हणजे उच्च जोखमीच्या वापरांच्या यादीत आहे, म्हणजे मुळात उच्च जोखीम. कलम ६(३) मात्र मर्यादित स्वरूपाच्या प्रक्रियात्मक किंवा पूर्वतयारीच्या कामाला सूट देतं. नुसता तक्ता भरणं त्यात बसेल. गुण देणं बसणार नाही, कारण व्यक्तीचं प्रोफाइलिंग (तिच्या माहितीवरून तिचं आपोआप मूल्यमापन) झालं की ही सूट उरतच नाही. 'शेवटचा निर्णय माणूसच घेतो' हा बचावही इथे लंगडा. गुणांनुसार लावलेल्या यादीत खालची नावं कोण उघडून बघतं?

प्रश्न असा: गुणांचं मॉड्यूल बंद ठेवून फक्त पहिला भाग विकला, तर सूट टिकते का? की ग्राहकाला ते सेटिंगमधून चालू करता येतं, एवढ्यावरच अख्खी प्रणाली उच्च जोखीम ठरते? सूट घेतली तरी प्रणाली उच्च जोखीम का नाही याचं मूल्यांकन लिहून ठेवणं आणि युरोपियन युनियनच्या डेटाबेसमध्ये नोंदणी चुकत नाही, हे धरलेलंच आहे.

(व्हिडिओ मुलाखतीतून भावना ओळखण्याची सोय आधीच काढली. ती कलम ५ नुसार थेट बंदीत; दंड ३.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, जे जास्त असेल ते.)

अशा मूल्यांकनाचा मसुदा कुणी केला असेल तर 'उद्दिष्ट वापर' (प्रणाली कशासाठी वापरायची आहे ते) कसा मांडलात, ते सांगा.