'म्कॉय' कधी म्हणायचं आणि 'तोचे' कधी?

अमळनेरची_मावशी:
लेकीच्या बाळंतपणासाठी हाँगकाँगला आलेय. काल शेजारच्या आजीबाईंनी पिशवीभर संत्री आणून दिली. मी लेकीनेच शिकवलेलं 'म्कॉय' म्हटलं, तर ती म्हणते, "आई, इथं 'तोचे' म्हणायचं!" दोन्हींचा अर्थ धन्यवादच ना? आजीबाईंना वाईट वाटलं असेल का? रात्रभर जिवाला लागून राहिलं.

भुसावळची_पूनम:
मावशी, मुळीच वाईट वाटणार नाही. परक्या बाईने कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगची भाषा, बोललं याचंच त्यांना कौतुक. मी सात वर्षं तिथं काढली, तेव्हा खूण सांगते. हातात काही पडलं, म्हणजे संत्री, आहेराचं पाकीट किंवा कुणी जेवू घातलं, की 'तोचे'. कुणी आपल्यासाठी काही केलं, म्हणजे लिफ्ट धरून ठेवली, पाणी आणून दिलं, की 'म्कॉय'. दुकानदार पैसे घेताना तुम्हाला 'तोचे' म्हणतो, ते त्याचमुळे.

'म्कॉय'चा शब्दशः अर्थ 'असं करायला नको'. आपण म्हणतो ना, "कशाला त्रास घेतला!" अगदी तेच. म्हणून वेटरला हाक मारायला, गर्दीत "जरा सरका" म्हणायलाही तोच शब्द.

आता उच्चार. 'म्' ओठ मिटूनच, खालच्या सुरात, 'कॉय' वर. 'तोचे'चं उलट, 'तो' वर आणि 'चे' खाली. हा च 'चांगला'मधला बरं का, 'चहा'मधला नाही. या भाषेत सहा सूर आहेत, सूर चुकला की शब्दच बदलतो. मला 'म्' जमायलाच महिना लागला होता.

धुळ्याचा_भाऊ:
मावशी, मिनीबसमध्येही लागेल. १६ किंवा १९ सीटांची गाडी असते. स्टॉप जवळ आला की मोठ्यानं "याऊ लोक, म्कॉय!" म्हणजे 'इथं उतरणारं आहे'. आपण काळीपिवळीत "भाऊ, उतरनं शे" म्हणतो ना, तसंच. हळू बोललात तर गाडी पुढे निघून जाते.

अमळनेरची_मावशी:
पूनम, जीव भांड्यात पडला गं. आज सकाळी घरून आणलेल्या बिबड्या तळून आजीबाईंना नेऊन दिल्या. त्यांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि "तोचे, तोचे" म्हणाल्या. मला कळलं! पण उत्तर काय द्यायचं, ते सुचेना. नुसती हसले.

भुसावळची_पूनम:
"म्साय हाक-हेय" म्हणा. 'हाक' म्हणजे पाहुणा. पाहुण्यासारखं वागायची गरज नाही.